पोह्यांवर रस्सा

पुण्यात नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी पोह्यांवर शेव मागितली. मिळाली. मग "यात बडीशेप नसते का?" असं विचारलं, तेव्हा समोरच्या सहकाऱ्यानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "तू नक्की मराठी ना?"

इंदूर, बडोदा, ग्वाल्हेरकडच्या आपल्या पिढीला हा प्रश्न नवा नाही. कधी तो आपल्या बोलण्यावरून येतो, कधी आडनावापुढच्या गावावरून. माझ्या बाबतीत तो ताटलीवरून आला. मी इंजिनिअर माणूस, म्हटलं वाद घालण्यापेक्षा डेटा गोळा करू. त्याला आता दहा वर्षं झाली. प्रोजेक्टच्या निमित्तानं, लग्नकार्यांना, कधी नुसतंच खायला म्हणून ज्या गावी गेलो, तिथे सकाळी दोन गोष्टी विचारत आलोय: पोह्यांवर काय घालता? आणि वरून मागायच्या रश्श्याला काय म्हणता?

आधी घरचं. इंदुरी पोहे कढईत परतून तिथेच संपत नाहीत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मोठी परात ठेवून ते वाफेवर गरम राहतात, म्हणून सकाळी दहाला गेलात तरी मऊ मिळतात. फोडणीत बडीशेप आणि धणे, चवीला साखर, वरून कच्चा कांदा, शेव, जीरावन आणि लिंबू. शेजारी जलेबी. पोहे होळकरांच्या मागोमाग माळव्यात आले असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. पण त्यांना वाफेवर बसवलं ते इथल्या ठेल्यांनी. आणि ज्यांना एवढं गोड झेपत नाही त्यांच्यासाठी उसळ-पोहे आहेतच, लालभडक उसळ थेट पोह्यांवर ओतलेले. माझी बायको सदाशिव पेठेतली. लग्नानंतर वर्षभर ती जलेबीची ताटली पोह्यांपासून वीतभर लांब सरकवून बसायची. आता दोन्ही एका घासात खाते, मात्र माहेरी फोनवर त्याचा उल्लेख नसतो.

रश्श्याची नावं हा तर वेगळाच शब्दकोश आहे. पुण्यात मिसळीबरोबर जास्तीचा रस्सा हवा असेल तर "सँपल" मागायचं. कोल्हापुरात तोच "कट" होतो आणि सोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात. नागपुरात "तर्री". तिथे हरभऱ्याची झणझणीत तर्री सरळ पोह्यांवर घालतात, म्हणजे आमच्या उसळ-पोह्यांचे सख्खे चुलतभाऊच. नागपूरच्या टपरीवर मी उभ्या उभ्या तीन प्लेट संपवल्या आणि पुण्याच्या त्या सहकाऱ्याला फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं, "हेही मराठी नाहीत का?" त्यानं फक्त अंगठा पाठवला.

बडोद्याला याच रश्श्याची "तरी" होते, आणि तिथली गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

आईचं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. गेल्या हिवाळ्यात मामेभावाच्या लग्नाला मी आणि आई गेलो होतो. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि आई समारंभ सोडून कुठे फारशी जात नसे. संध्याकाळी मी शेव-उसळ खायला निघालो तर म्हणाली, "मी गाडीत बसते, तू बांधून आण." म्हटलं, बांधून आणली की शेव मऊ पडते, मग काय मजा? तेव्हा तिनं सांगितलं की ती जन्मात कधी लारीवर उभी राहिली नव्हती. आजोबांचा नियम होता, मुलींनी रस्त्यावर उभं राहून खायचं नाही. मामा मित्रांबरोबर जायचा आणि मूड असला तर येताना हिच्यासाठी डब्यातून आणायचा. गार झालेली, शेव विरघळलेली. लग्नानंतर बाबांना ती एकदा म्हणालीही होती, पण बडोद्याला यायचं म्हणजे दोन दिवसांत दहा घरी चहा, त्यात लारी कुठली बसायला.

उतरली शेवटी. वाटाण्याची उसळ, वर जाड शेव, चिरलेली कांद्याची पात, लसणाची चटणी, सोबत पाव आणि वाटीत तरी. पहिला घास घेऊन आई दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग वाटी पुढे करून लारीवाल्याला म्हणाली, "भाई, थोडी तरी वधारे आपजो." तिचं गुजराती मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. दुसऱ्या प्लेटला पाव नको म्हणाली, नुसती उसळ. आणि हात पुसता पुसता, "दादा उगाच सांगायचा, फार तिखट असते, मुलींना झेपायची नाही. एवढी काही तिखट नाहीये." सदुसष्टाव्या वर्षी! दुसऱ्या दिवशी लग्नात मामाला तिनं हे सगळ्यांसमोर ऐकवलं.

तेव्हापासून घरपोच जेवण मागवण्याबद्दल माझं मत जरा कडक झालंय. पाऊस असेल, घरात कुणी आजारी असेल, तर जरूर मागवा, मीही मागवतो. पण पोहे, उसळ, गराडू असले पदार्थ डब्यात बंद झाले की अर्धे मरतात. सराफ्यात थंडीच्या रात्री तळलेला गराडू कढईतून निघाल्यावर जीरावन आणि लिंबू पडून तोंडात जाईपर्यंत फार तर मिनिटभराचा अवधी असतो. तो मिनिट कुठलंही ॲप घरी आणू शकत नाही, आणि हे मी स्वतः ॲप बनवून पोट भरतो म्हणून ठामपणे सांगतो.

गोव्यात सकाळी पोह्यांच्या आधी पाव. पदेर सायकलवरून भोंगा वाजवत येतो, आणि हॉटेलात पावाबरोबर पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही एकत्र हवी तर "मिक्स". मी पातळ भाजीवर शेव मागितली नाही. पाहुण्यानं काही मर्यादा पाळाव्यात.

हैदराबादला दोन वर्षं हायटेक सिटीत काढली. तिथे उसळीचा शोध सोडून दिला होता. इराणी चहा, उस्मानिया बिस्किट आणि रमझानातली हलीम यांतच मी खूश होतो. पण एका लग्नात बघारे बैंगन वाढले आणि मी थबकलो. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, चिंच. ही तर आजीच्या भरल्या वांग्यांची बहीण! आजी परभणीची. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा वांग्यांनी एकमेकांचा मसाला उचलला तर नवल नाही. कुणाचा कुणी उचलला यावर मी बोलणार नाही, मला तिथे अजून मित्र आहेत.

बेळगाव मात्र माझ्या यादीत अर्धवटच आहे. कुंदा कुणी ना कुणी पाव-पाव किलो आणतं, तो दाणेदार, दूध आटवून तांबूस झालेला, फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. पण मांडे मला तयार होताना बघायचे आहेत. पालथ्या भांड्यावर एवढी पातळ पोळी हातानं पसरून टाकायची म्हणजे काय हे चित्रफितीत बघून समाधान होत नाही. बेळगावकर वाचकांपैकी कुणाच्या घरी येत्या लग्नसराईत मांडे होणार असतील तर कळवा. मी येताना जीरावन घेऊन येईन. आणि हो, आईसुद्धा येते म्हणाली आहे.