आवडलं की हवंय? ‘लाइक’ शब्दाची ओळख



मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात आपल्या गटांचे स्टॉल लागतात. तिथे काही गिऱ्हाईकं इंग्रजीत बोलतात. एक जण लोणचं चाखून म्हणतो, “आय लाइक इट.” दुसरी बाई म्हणते, “आय वुड लाइक थ्री बॉटल्स.” दोघांच्याही बोलण्यात ‘लाइक’ आहे. पण पहिल्याने नुसतं कौतुक केलं, दुसरीने मात्र तीन बाटल्या मागितल्या. तिलाही आपण “थँक्यू” म्हणून हसत उभ्या राहिलो, तर हातातली विक्री जाईल. म्हणून आज आम्ही या एकाच शब्दाबद्दल सांगणार आहोत.

‘लाइक’ म्हणजे आवडणे. आपण म्हणतो, मला चहा आवडतो, भाकरी आवडते, लोणचं आवडतं. वस्तू बदलली की ‘आवडणे’चं रूप बदलतं. इंग्रजीत तसं नाही. तिथे आवड कुणाची, ते बघायचं. मी, तू, आम्ही, ते यांच्यासाठी ‘लाइक’: आय लाइक टी, वी लाइक टी. तो किंवा ती असेल, तर ‘लाइक्स’: शी लाइक्स टी. नाही म्हणायचं असेल, तर आय डोन्ट लाइक टी, शी डझन्ट लाइक टी. ‘डझन्ट’ आलं की ‘लाइक्स’ नाही, साधं ‘लाइक’च.

पुष्कळजणी “आय अ‍ॅम लाइक टी” म्हणतात. त्याचा अर्थ होतो, मी चहासारखी आहे! कारण ‘लाइक’चा दुसरा अर्थ ‘सारखं’ असाही आहे. गिऱ्हाईकाने ठेचा दाखवून विचारलं, “इज इट लाइक चटणी?” तर आवडीचा प्रश्नच नाही. हे चटणीसारखं आहे का, एवढंच त्याला विचारायचं आहे.

आता महत्त्वाचं. ‘लाइक’च्या आधी ‘वुड’ आलं की अर्थ होतो, मला हवंय. ‘आय वॉन्ट’चा अर्थही तोच, पण ‘वुड लाइक’मध्ये अदब आहे. घाईत बोलताना ‘आय वुड’चं ‘आइड’ होतं, आणि त्यातला ‘ड’ पटकन ऐकू येत नाही. शंका आली, तर न लाजता विचारायचं, “हाउ मेनी?” म्हणजे किती देऊ? मागणी असेल तर आकडा येतो.

हाच शब्द आपल्यालाही वापरता येतो. “वुड यू लाइक टू टेस्ट?” म्हणजे चाखून बघता का? “व्हॉट वुड यू लाइक?” म्हणजे काय देऊ?

मोबाइलवरही हाच फरक लक्षात ठेवा. फेसबुकवर लाइकचं बटण २००९ साली आलं. आपल्या पापडाच्या फोटोला शंभर लाइक आले, तर आनंद मानायचा, पण शंभर पाकिटांचं पीठ मळायचं नाही. मागणी वेगळी विचारून, वहीत लिहून मगच मळायचं.

येत्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. निम्म्या जणींनी गिऱ्हाईक व्हायचं, निम्म्यांनी स्टॉल लावायचा. गिऱ्हाईकाने कधी ‘आय लाइक’ म्हणायचं, कधी ‘आय वुड लाइक’. ‘वुड’ ऐकू आलं की लगेच पिशवी उचलायची. उच्चार थोडा चुकला तरी चालेल, ऑर्डर सुटता कामा नये.