माती तीच, मग पालाशचा आकडा वेगळा का?

मालवणच्या किनाऱ्यावर माडाच्या आळ्यात चुलीची राख टाकायची पद्धत जुनी आहे. ती चुकीची नाही. माडाला सगळ्यात जास्त लागतं ते पोटॅशियम, म्हणजे खताच्या पिशवीवरचं 'पालाश', आणि राखेत ते भरपूर असतं. घोळ होतो तो हीच राख माती तपासणीच्या नमुन्यात गेली की.

प्रयोगशाळेत आपण साधारण अर्धा किलो माती देतो. त्यातली जेमतेम ५ ग्रॅम माती अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात हलवतात, गाळतात आणि फ्लेम फोटोमीटरच्या ज्योतीत सोडतात. ज्योतीतून जेवढा पोटॅशियमचा प्रकाश निघेल, तेवढा आकडा. तो मातीतला की चुलीतला, हे यंत्राला कळत नाही. आणि या ५ ग्रॅमवरून हिशोब मांडला जातो तो हेक्टरभर जमिनीच्या वरच्या थराचा, म्हणजे सुमारे २२ लाख किलो मातीचा!

आता हे गणित बघा. राखेत ४ टक्के पोटॅशियम धरलं, तर अर्धा किलो मातीत पडलेली १ ग्रॅम राख अहवालात हेक्टरी तब्बल १७९ किलो वाढवते. प्रचलित वर्गवारीत १०८ किलोच्या खाली 'कमी' आणि २८० च्या वर 'जास्त'. म्हणजे मुळात ९० किलो असलेली जमीन कागदावर २७० च्या आसपास जाते. 'जास्त'ला जवळपास टेकलेली. मग शिफारशीत पोटॅश कमी होतं आणि उपाशी राहतो तो माड. भातासाठी राब भाजलेल्या तुकड्यातली माती घेतली, किंवा नमुना खताच्या रिकाम्या पिशवीत भरला, तरी असाच घोळ.

मातीचं वाळवणंही आकडा हलवतं. काही चिकणमातीच्या कणांत पापुद्र्यांसारखे थर असतात. माती सुकली की थरांत अडकलेलं पोटॅशियम सुटतं. आधीच ते खूप असेल, तर उलट अडकतंही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात म्हणूनच १९८८ पर्यंत ओल्या मातीची तपासणी व्हायची, आणि पुढे ती पुन्हा सुरू झाली. आपल्या जांभ्या मातीत मुख्यतः केओलिनाइट असतं, त्याच्या थरांत पोटॅशियम असं अडकत नाही. त्यामुळे इथे वाळवण्याचा फरक तुलनेने कमी. तरीही माती सावलीतच वाळवा. तव्यावर किंवा चुलीजवळ तर नकोच, तिथे राख उडते.

नमुना घेताना बांध, उकिरड्याची जागा आणि नुकतंच खत पडलेली आळी सोडा. पाच-सहा नव्हे, दहा-पंधरा ठिकाणची माती प्लॅस्टिकच्या स्वच्छ घमेल्यात मिसळा आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. माडाच्या बागेचा आणि भाताच्या मळ्याचा नमुना वेगवेगळा हवा. भातासाठी कापणीनंतर, पुढचं खत पडायच्या आधीची वेळ बरी. पुढच्या खेपेलाही त्याच महिन्यात माती घ्या, नाहीतर दोन अहवालांतला फरक जमिनीचा की हंगामाचा, हे सांगता येत नाही.