चिप धावली, कोयता तिथेच

वीज, नळाचं पाणी, मोटार, प्रतिजैविकं. 1870 ते 1970 या शंभर वर्षांतल्या शोधांनी जगणं जेवढं पालटलं, तेवढं पुढच्या शोधांनी पालटलं नाही, असं अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट गॉर्डन यांनी 2016 साली मांडलं. 2020 मध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी हिशेब दिला : चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या ठरल्या गतीने दुप्पट करत राहायला आता 1970च्या सुमारापेक्षा 18 पट संशोधक लागतात.

प्रगती मंदावली का, हा वाद बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत तपासून पाहावा. सत्तरच्या दशकात इथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, ही झेपच होती. पुढे यंत्रंही थांबली नाहीत. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीतून पोटातला गर्भ दाखवला तो 1958 साली. मग चिप स्वस्त झाली, सोनोग्राफीचं यंत्र लहान झालं आणि तालुक्याच्या गावी पोचलं. आडवं मूल, खाली सरकलेली वार आधीच कळू लागली. कितीतरी बाळंतिणी वाचल्या.

त्याच पडद्यावर मुलगीही दिसली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. तरीही बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 894 मुली होत्या, त्या 2011 साली 807 उरल्या. एका दशकात एवढी घसरण! यंत्र पुढे जात होतं, तेव्हा समाज मागे जात होता. याला मी मंदावणं म्हणणार नाही, ही उलटी चाल आहे.

आणि ऊसतोड? दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली इथली जोडपी आजही पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. तोडणीयंत्र आलं आहे, पण त्याला रुंद सरी आणि मोठं शेत लागतं. तुकड्यातुकड्यांच्या रानात ते वळतही नाही. त्यामुळे मोळी अजून बाईच्याच डोक्यावर आहे. पाळीमुळे खाडा नको म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बायकांची संख्या 2019 साली उजेडात आली, तेव्हा राज्य हादरलं. मोबाइल मात्र तोवर फडावरच्या कोपीतही पोचला होता.

प्रगती मंदावली का, याचं उत्तर चिपांच्या मोजणीत मिळेल असं मला वाटत नाही. जनगणनेचे नवे आकडे येतील, तेव्हा बीडच्या 807चं काय झालं, ते आधी पाहा.