गाढीच्या काठावर निरगुडी

मृगाच्या पहिल्या सरी पडून चार दिवस झालेत. नेऱ्याजवळ गाढीचं पाणी अजून घोट्याएवढंच आहे, पण रंग बदललाय, दुधाच्या चहासारखा झालाय. पूर्वेला माथेरानचा डोंगर ढगात अर्धा बुडालाय. ही नदी तिथूनच उतरते. देहरंगच्या धरणात अडते, तिथून थोडी पनवेलच्या नळांत जाते, उरलेली पनवेलच्या कडेनं खाडीला मिळते.

मी उभा आहे तिथे काठ पुरुषभर उंच तुटलाय. ओली माती उघडी पडलीय आणि एका उंबराची मुळं हवेत लोंबताहेत. त्यांच्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्यात, माझ्या डोक्याच्याही वर. गेल्या पावसाळ्यात पूर कुठवर चढला होता, ते त्या पिशव्यांवरून कळतं. बचत गटाच्या सात-आठ बायका काठ्यांनी त्या ओढून काढताहेत. गोण्यांत औषधाच्या बाटल्या जातात, चपला जातात, कुजलं निर्माल्य जातं. मग प्लास्टरच्या मूर्तीचा एक हात निघतो. तो कुणी गोणीत टाकत नाही. एक आजी तो पदरानं पुसतात आणि दगडावर ठेवतात.

खाली कुदळी चालल्यात. उभा कडा आधी उतरता करायचा, पायाशी दगड रचायचे, वर काथ्याची जाळी अंथरून बांबूच्या खुंट्यांनी ठोकायची. पनवेलहून आलेली कॉलेजची मुलं पहारीनं भोकं पाडताहेत. ठाकूरवाडीतले एक बाबा उकिडवे बसून निरगुडीच्या काठ्या तोडताहेत: बोटाएवढ्या जाड, हातभर लांब, बुडाशी तिरप्या. तोडताना तो उग्र वास उठतो, लहानपणी सर्दीला दिलेल्या शेकाचा.

"शेंडा वर ठेव गं. उलटी रोवलीस तर लाकूडच राहील ती."

"बाबा, सरळ भिंतच बांधली तर?"

"मग पाणी भिंतीला आपटून पलीकडं जाईल. पलीकडचं शेत खाईल. ही वाकते, पाण्याला जाऊ देते. आणि शेळीबी तोंड लावत नाही हिला."

मुलगी काठी उपसते, सरळ करून पुन्हा रोवते. दोन हिस्से मातीत, एक वर.

निरगुडीच्या ओळींमध्ये वाळा लागतोय, वीतवीतभर अंतरावर. माठात टाकायचा तोच हा वाळा. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दहा फुटांपर्यंतही. अशा काठांवर कधीकाळी हे सगळं आपोआप उगवत होतं. करंज होते, शेरणीची बेटं होती. आपण त्याला झाडोरा म्हणून साफ केलं, बांध थेट पाण्यापर्यंत नेला. इथून सुटलेली माती खाली जाऊन पात्रात बसते, पात्र उथळ होतं आणि पूर घरात शिरतो. २६ जुलै २००५चा पूर पनवेलकरांना सांगावा लागत नाही.

याच तालुक्यात तळोज्याची कासाडी आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे तिचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. रसायनांपुढे निरगुडीचं काही चालत नाही. तिथे नळकांड्याच्या तोंडाशीच पाणी अडवावं लागतं. म्हणून तर गाढीच्या या वरच्या अंगाला आज इतकी माणसं आहेत हे पाहून मला भरून येतं. इथे अजून हातांनी भागतंय.

साडेअकराला आभाळ काळं होतं. कुणी गोणपाट डोक्यावर घेतं, कुणी तसंच भिजतं. सर जोरात येते आणि सगळे काम थांबवून नव्या उतारावरून पाणी कसं जातंय ते बघत राहतात. काथ्यावरून ते पसरत, गाळलं जात उतरतं. फक्त एका कोपऱ्यात, दोन जाळ्यांच्या सांध्यातून, लाल ओघळ फुटतो.

बाबा आधीच तिथे पोचलेत. टाचेनं ओघळ दाबून धरत ते मागे हात पसरतात.

"वाळा दे. अजून. मुठीनं नाही, ओंजळीनं दे."