जुन्या मोटारीचे स्पीकर

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी बेळगाव-निपाणीकडे ती अजून जपलेली दिसते. तिचा रेडिओ घरघरू लागला, की बहुधा स्पीकरचा कागदी पडदा ओलीने विरलेला असतो. नवा घेताना वॅटच्या आकड्यास भुलू नये. मूळ भोकाचा व्यास आणि खोली मोजावी. रोध जुन्याइतकाच, बहुधा ४ ओहम, असावा. मोठ्या स्पीकरच्या हौसेने आम्ही दाराचा पत्रा कापविला, आणि दोन पावसाळ्यांत कडेला गंज धरला! काच खाली घेताच ती स्पीकरला अडू लागली, ते निराळेच. दोन्ही बाजूंचे धन-ऋण सारखे जोडावे, नाहीतर खर्ज हरवतो. खूण पुसली असल्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. पडदा बाहेर सरकला, तर सेलचे धन टोक ज्या पत्तीला लागले तीच धन.