पहिल्याच दिवशी अंक

14 सप्टेंबर 1908 रोजी अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात पत्रकारितेची शाळा उघडली आणि त्याच दिवशी तिचं वृत्तपत्रही निघालं. नाव ‘युनिव्हर्सिटी मिझुरियन’. आपल्याकडे नवा अभ्यासक्रम सुरू झाला की दीपप्रज्वलन होतं, प्रमुख पाहुणे बोलतात, मग आठवडाभर ‘पत्रकारिता म्हणजे काय’ यावर व्याख्यानं. तिथं पोरांना थेट गावात बातमी आणायला पिटाळलं. जगातली पत्रकारितेची पहिली शाळा आपलीच, असं मिझुरीवाले सांगतात. पॅरिसच्या शाळेचा जन्म 1899 चा, त्यामुळे तिकडच्यांना हे पटत नाही. हा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. पण शाळेनं स्वतःचं खरंखुरं वृत्तपत्र चालवायचं आणि त्यातच मुलांनी शिकायचं, ही रीत रुजवली ती मिझुरीनंच.

संस्थापक वॉल्टर विल्यम्स स्वतः कॉलेजात गेले नव्हते. बूनव्हिल नावाच्या गावातल्या छापखान्यात पोरवयात उमेदवारी, खिळे जुळवता जुळवता बातमीदारी, मग विद्यापीठाच्या कोलंबिया गावातल्या ‘हेराल्ड’चं संपादकपद, असा त्यांचा प्रवास. पदवी नसलेला हा माणूस शाळेचा पहिला डीन झाला आणि पुढे विद्यापीठाचा अध्यक्षही. पत्रकारिता कॉलेजात शिकवता येते, हे तेव्हा बहुतेक संपादकांना मान्य नव्हतं. खुद्द जोसेफ पुलित्झरना 1904 मध्ये आपल्या नियोजित शाळेच्या समर्थनासाठी लांबलचक लेख लिहावा लागला. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली ती शाळा सुरू झाली 1912 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्याकडच्या जुन्या उपसंपादकांचंही मत काही वेगळं नव्हतं. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ काढलं, टिळक-आगरकरांनी 1881 मध्ये ‘केसरी’, त्यांना कुठे कुणी डिप्लोमा विचारला होता? पत्रकार तयार होतो तो डेस्कवर, शिव्या खात, असं ही मंडळी म्हणायची. विल्यम्सनी असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा डेस्कच उचलून कॉलेजात आणला.

त्यावर पहिली बोंब खासगी वृत्तपत्रांनी मारली. सरकारी पैशावर चालणारं विद्यापीठ गावात जाहिराती गोळा करतं आणि आमच्या पोटावर पाय देतं, ही त्यांची तक्रार. अखेर वृत्तपत्राचा व्यवहार विद्यापीठाच्या तिजोरीपासून वेगळा काढावा लागला. माझ्या मते ही अडचण शाळेच्या पथ्यावरच पडली. वाचक आणि जाहिरातदार सांभाळायचे म्हटल्यावर अंक मार्कांपुरता काढून चालत नाही. त्याच वृत्तपत्राचं पुढे ‘कोलंबिया मिझुरियन’ झालं. काळानुसार छापील अंकाचे दिवस घटले, वेबसाइट मात्र चालूच आहे. बातमीदार विद्यार्थी, त्यांच्यावर अनुभवी पत्रकार-अध्यापक संपादक म्हणून, आणि वाचक म्हणजे नगरपालिका, शाळा, रस्ते यांची खबर हवी असलेलं अख्खं गाव.

या न्यूजरूममधली एक पद्धत आपल्या बातमीदारांना खटकेल. बातमी लिहून झाली की विद्यार्थ्यानं ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना पुन्हा फोन करायचा आणि नाव, हुद्दा, आकडे, त्यांच्या तोंडी घातलेली वाक्यं वाचून दाखवून ताडून घ्यायची. समजा, पाइपलाइनच्या खर्चाची बातमी आहे. अभियंत्यानं ‘साधारण चाळीस लाख’ म्हटलं होतं की ‘चाळीसच्या पुढे’? खर्च मंजूर झालाय की नुसता प्रस्तावात आहे? एवढं विचारेपर्यंत डेडलाइन मानेवर बसलेली असते. आपल्या डेस्कवरची शिकवण नेमकी उलटी: छापण्याआधी बातमी कुणालाही दाखवायची नाही, नाहीतर तो माणूस बोललेलं फिरवतो. या भीतीत तथ्य आहे. म्हणून तिथं मर्यादा आखलेली आहे. चूक दाखवली तर दुरुस्त करायची, पण ‘हे वाक्य बरं दिसत नाही, काढा’ म्हटलं तर काढायचं नाही. चूक आणि गैरसोय यांतला फरक फोनवर, समोरचा आवाज चढलेला असताना, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला ओळखावा लागतो. वर्गात बसून हे शिकवता येईल असं मला वाटत नाही. मधल्या काळात या वृत्तपत्रानं चुका शोधून देणाऱ्या वाचकांसाठी बक्षीसयोजनासुद्धा चालवली.

टीव्हीतही हाच खाक्या. ‘केओएमयू’ हे विद्यापीठाच्या मालकीचं केंद्र डिसेंबर 1953 मध्ये सुरू झालं. एनबीसी या राष्ट्रीय वाहिनीचे कार्यक्रम दाखवणारं हे व्यावसायिक केंद्र, त्याच्या न्यूजरूममध्ये कामाला विद्यार्थी. कॅमेरा आणि ट्रायपॉड खांद्यावर, पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स करायचा, बाइट घ्यायची, कॅमेरा लावून स्वतःच त्याच्यासमोर उभं राहून पीटीसी द्यायची, परत येऊन एडिट टाइमलाइनवर बसायचं. व्हीओ, म्हणजे दृश्यांवरचं निवेदन, वीस सेकंद आणि दृश्यं बारा सेकंदांचीच, हा घोटाळा एकदा ऑन-एअर झाला की पुढच्या वेळी शॉट जास्तीचे घेतले जातात.

9 नोव्हेंबर 2015 ला या शाळेची परीक्षा तिच्याच आवारात झाली. वर्णभेदाविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनामुळे त्या दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. आंदोलकांनी हिरवळीवर तंबू ठोकून भोवती कडं केलं होतं, आत पत्रकारांना मज्जाव. एक विद्यार्थी-छायाचित्रकार एका राष्ट्रीय माध्यमासाठी फोटो काढत होता. ही सार्वजनिक जागा आहे, मला इथं उभं राहायचा तितकाच हक्क आहे जितका तुम्हाला, असं तो शांतपणे सांगत राहिला आणि गर्दी त्याला ढकलत राहिली. दुसरा विद्यार्थी हे सगळं चित्रित करत होता. त्याला हाकलायला एका अध्यापिकेनं धट्टीकट्टी माणसं बोलावली. संवादशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंचं पत्रकारिता शाळेतही मानद स्थान होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सोडलं, पुढे विद्यापीठानं त्यांना नोकरीवरूनही काढलं. आंदोलकांचं म्हणणं रास्त होतं आणि फोटोग्राफरचंही. त्या व्हिडिओत दोन्ही बाजू विद्यार्थ्यांच्याच आहेत, म्हणून तो आजही वर्गात दाखवण्यासारखा आहे.

जनसंपर्क आणि जाहिरातही याच शाळेत शिकवतात. बातमीवाले त्यांच्याकडे जरा तिरप्या नजरेनं बघतात, हे आपल्या विभागांतही चालतंच. पण शाळेच्या पहिल्या अध्यापकांपैकी चार्ल्स रॉस यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे. दहा वर्षं शिकवून ते ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’मध्ये गेले, 1932 मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळवला आणि 1945 मध्ये शाळासोबती हॅरी ट्रुमन यांनी त्यांना व्हाइट हाउसचे प्रसिद्धी सचिव केलं. प्रश्न विचारायला शिकवणारा माणूस उत्तरं देण्याच्या, क्वचित टाळण्याच्या, खुर्चीत बसला. 5 डिसेंबर 1950 ला पत्रकारांना माहिती देऊन झाल्यावर, टीव्हीवाल्यांसाठी तेच पुन्हा सांगण्याच्या तयारीत असताना, टेबलाशीच त्यांचं निधन झालं.

मिझुरीची पद्धत भारतात आली, पण अर्धी. तिथं शिकलेले पृथ्वीपाल सिंग यांनी 1941 मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पत्रकारिता विभाग सुरू केला. फाळणीनंतर तो दिल्लीत आणि मग चंदीगडला गेला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1952 मध्ये रोलंड वूल्झली हे सिराक्यूज विद्यापीठाचे अमेरिकन प्राध्यापक आले, विभाग उभा केला आणि भारतीय पत्रकारितेवर एक पुस्तकही संपादित करून गेले. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग 1964 चा, दिल्लीची आयआयएमसी 1965 ची. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम हा पदवी अभ्यासक्रम तर कॉलेजाकॉलेजात पोचला. अभ्यासक्रम आले, उलटा पिरॅमिड आला, जनसंपर्काचा पेपर आला. गावासाठी निघणारा अंक मात्र बहुतेक ठिकाणी आलाच नाही. आपला सराव अंक वर्षातून एक-दोनदा निघतो, पहिल्या पानावर विभागाच्याच कार्यक्रमाची बातमी आणि व्यासपीठाचा फोटो असतो आणि त्याचा वाचक म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक.

खरा श्रोता मिळाला तो रेडिओवर. 2002 च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना देण्याचं धोरण मंजूर झालं. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ 107.4 वर, मुंबई विद्यापीठाची ‘मस्ट’ 107.8 वर. पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, आसपासच्या काही किलोमीटरचा टापू, म्हणजे मिझुरियनच्या गावाएवढाच. पण या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आहे. आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी पुनःप्रसारित करायला नंतर परवानगी मिळाली. शिवाय हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, आणि वीज-पाणी, आपत्ती, आरोग्य यांच्या स्थानिक प्रशासनानं पुरवलेल्या सूचना चालतात. त्या बातमीत मोडत नाहीत, असं नियमच म्हणतो. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे पालिकेच्या पत्रकावरून वाचता येतं, पण का येणार नाही हे माइक घेऊन अभियंत्याला विचारून ऐकवता येत नाही. पत्रकारिता विभागातल्या मुलांना खऱ्या श्रोत्यांसमोर जो सराव मिळतो, तो नियमानुसार जनसंपर्क अधिकाऱ्याच्या कामाचा. ज्यांना पाण्याचं कारण शोधायचंच असतं, ती मोबाइल घेऊन यूट्यूबवर जातात. तिथं नावाचं स्पेलिंग ताडून घ्यायला फोन करा, असं मागे लागून सांगणारा संपादक नसतो.