प्रदर्शनातील टेबलावरील छापील कापड

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बचत गट मोहफुले, चारोळी, बांबूच्या वस्तू व तांदूळ घेऊन प्रदर्शनात बसतात, तेव्हा टेबलावरील छापील कापड हीच त्यांची पाटी असते. माप चुकल्यास गटाचा पैसा वाया जातो.

टेबल ६ फूट लांब, अडीच फूट रुंद व अडीच फूट उंच असेल आणि मागील बाजू मोकळी ठेवावयाची असेल, तर कापड ११ फूट लांब व ५ फूट रुंद लागते. दुमडीसाठी थोडे अधिक धरावे. मागील बाजू मोकळी असलेलीच बरी, कारण पोती टेबलाखाली ठेवावी लागतात. टेबलाच्या मापाने शिवलेले आच्छादन डौलदार दिसते खरे, परंतु ते दुसऱ्या मापाच्या टेबलास बसत नाही. शाळेचे वा मंडपवाल्याचे मिळेल ते टेबल वापरणाऱ्या गटाने सैल कापड घ्यावे व पुढील कोपरे आतून टाचावेत.

छपाई पुढील पडत्या भागाच्या मधल्या ६ फुटांत, तीही वरच्या अंगास असावी. कडेची अक्षरे कोपऱ्याच्या घडीत जातात व खालची धुळीने मळतात. गटाचे व गावाचे नाव पुरे. साल छापू नये, म्हणजे कापड पुढील वर्षीही चालते.

नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या एचएमटीसारखा बारीक पांढरा तांदूळ गडद कापडावर उठून दिसतो. चारोळीस व वाळलेल्या मोहफुलांस फिकट रंग घ्यावा.